अकरा नंबर थांबण्याचं कारण

शरणप्पांच्या ऑफिसात अमावास्येला कंप्युटरसुद्धा झाडून निघायचा. गंमत नाही, खरंच. नळदुर्गजवळच्या माळावर पवनचक्क्यांची जी लांबलचक रांग आहे, तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या छपराचं एक लहानसं साइट ऑफिस होतं आणि शरणप्पा तिथले इनचार्ज होते. त्यांच्या वडिलांचं अणदूरला किराणा दुकान होतं. दर अमावास्येला ते अख्खं दुकान बाहेर काढायचे, झाडायचे, पुसायचे आणि उंबऱ्यावर नारळ फोडूनच पुन्हा मांडायचे. शिळं काही ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं. दुकान थोरल्या भावाकडं गेलं, ही शिस्त तेवढी शरणप्पांच्या वाट्याला आली. अमावास्येला ते ऑफिसची फरशी धुवायचे, पॅनेलला विभूती लावायचे, दाराला ताजं लिंबू-मिरची बांधायचे, आणि मग खुर्चीत बसून मेलबॉक्स उघडायचे. सगळे मेल निवडायचे, पुसायचे. मग कचऱ्याच्या फोल्डरात शिरून तिथूनही पुसायचे. पडदा पांढराफेक झाला की हात जोडायचे आणि चहा सांगायचे.

मेलही काही थोडेथोडके नसायचे. माणसं आळशी असतात, पवनचक्क्या नसतात. वारा वाढला की मेल, तेल तापलं की मेल, पातं थांबलं की मेल. कुणी हातानं थांबवलं तर कोणी थांबवलं आणि का थांबवलं, हेही त्यात यायचं. हे सगळं येऊन पडायचं ते फक्त साइटच्या मेलबॉक्समध्ये. पुण्याच्या मुख्य ऑफिसला महिन्याची एक बेरीज गेली की झालं. बाकीचं अमावास्या गिळून टाकायची.

त्या वर्षी येळवशीलाच निकिता आली. येळवस म्हणजे मार्गशीर्षाची अमावास्या. त्या दिवशी धाराशिव जिल्ह्यात घराला कुलूप आणि माणसं रानात. पुण्याच्या साहेबांना हे ठाऊक असतं तर त्यांनी त्या दिवशी माणूस पाठवला नसता. निकिता खुद्द धाराशिवची होती, कंपनीच्या सोलापूर ऑफिसात कंप्युटरचं सगळं बघायची. रिकाम्या एसटीतून एकटीच येऊन ती नळदुर्गच्या स्टँडवर उतरली, तेव्हा शरणप्पा मोटारसायकल घेऊन उभे होते. सकाळची झाडझूड आणि मेलची पुसापुशी उरकूनच ते तिला न्यायला आले होते.

"सणाच्या दिशी धाडलं व्हय तुला?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू अप्पा. आमच्या घरचे सगळे रानात, आई सकाळपासून फोनवर शिव्या घालतीय. मला न्हाय, साहेबांना."

ऑफिसात पोचल्यावर तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि काम काय आहे ते सांगितलं. कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याशा साइटवरचं भांडण कोर्टात गेलं होतं. तिथं नेमका हवा तो मेल कुणीतरी पुसून बसला होता. म्हणून आता सगळ्या साइटींना मेलची कायमची पेटी बसवायची ठरली होती.

"म्हंजी आमी जपून ठेवायचं सगळं?"

"तुम्ही काहीच करायचं न्हाय. तेच तर आहे. मेल तुमच्यापाशी उतरायच्या आधीच त्याची एक नक्कल पेटीत जाऊन पडणार. आलेला, गेलेला, एकूणएक. तुम्ही इथं खुशाल पुसा, तिकडं तो तसाच. पुढची कित्येक वर्षं. आमच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं तरी त्यातला एक शब्द हलत न्हाय."

शरणप्पा खुर्चीत मागं टेकले. आयुष्यभर त्यांनी एवढंच पाहिलं होतं की माणूस लिहितो आणि पुसतो, मांडतो आणि आवरतो. आपण काही न करता आपलं सगळं कुठंतरी जाऊन बसतं आणि ते कुणाच्याच हातात राहत नाही, ही गोष्ट त्यांना यंत्राची वाटेना.

"म्हंजी वरच्या दरबारासारखंच झालं की गं," ते हळू आवाजात म्हणाले. निकिता हसली. शरणप्पा हसले नाहीत, कारण त्यांना अकरा नंबर आठवली होती.

अकरा नंबरची पवनचक्की डोंगराच्या खिंडीत उभी आहे. खिंडीच्या पलीकडं तलाव आहे, अलीकडं हरभऱ्याची आणि ज्वारीची रानं. हिवाळ्यात परमुलखातून करकोचे येतात. ते मुक्कामाला तलावावर असतात आणि उजाडताना रानाकडं निघतात, खिंडीतूनच. एरवी ते उंचावरून जातात, पवनचक्कीची आणि त्यांची गाठ पडत नाही. पण धुकं दाटलं की थवा खाली उतरतो, पात्यांच्या उंचीवर. साइट नवीन होती तेव्हा एका सकाळी शरणप्पांना अकरा नंबरच्या बुडाशी एक करकोचा दोन तुकडे होऊन पडलेला दिसला. त्याचा जोडीदार दिवसभर वर घिरट्या घालत ओरडत होता. दुसऱ्या दिवशीही तो होताच. तिसऱ्या दिवशी धुकं पडलं आणि शरणप्पांनी उजाडायच्या आत अकरा नंबर बंद केली.

तेव्हापासून धुक्याच्या पहाटे ते हेच करत आले. थवा जाईपर्यंत बंद, मग चालू. हातानं बंद करायला पुण्याची परवानगी लागते. ती मागितली असती तर मिळाली नसती, आणि मिळाली असती तरी पाखरं गेल्यावर मिळाली असती. बंद करताना कंप्युटर नाव आणि कारण विचारतो. शरणप्पा यादीतलं पहिलं कारण निवडायचे, 'देखभाल'. लगेच मेल यायचा: अकरा नंबर, हाताने बंद, कारण देखभाल, बंद करणाऱ्याचं नाव शरणप्पा. अमावास्येला तो जायचा. या बाबतीत अमावास्येची त्यांना किती सोय झाली होती, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता बोलावं लागणार होतं. विनापरवाना पवनचक्की बंद केली म्हणून पलीकडच्या साइटवरच्या एकाला कंपनीनं घरी बसवलं होतं. त्यानं तर एकदाच केली होती, आणि खोटं कारणही दिलं नव्हतं. शरणप्पांची निवृत्ती वर्षभरावर आलेली. इतकी वर्षं इमानानं नोकरी केलेला माणूस खोटारडा म्हणून घरी गेला, असं अणदूरला झालं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? आणि थांबवायचं सोडून द्यावं, तर ती पाखरं. त्यांना काय ठाऊक मेल आणि पेटी?

निकितानं लॅपटॉप उघडला तसे शरणप्पा ताडकन उठले.

"आज न्हाय. अमोशाला नवं काम सुरू करत न्हाईत."

"अप्पा, आपल्याकडची अमावास्या पुण्यात चालत न्हाय हो."

"येळवस हाय. तू धाराशिवची ना? आज रान सोडून ऑफिसात बसलीस तर तुझी आई मला शिव्या घालंल. चल, तुझी काकू भज्जी करून वाट बघतीया. उद्या पहाटं येऊ आन् सुरू करू."

पालेभाज्या नि कडधान्यं बेसनात शिजवून केलेल्या येळवशीच्या भज्जीचं नाव निघाल्यावर निकिताची कर्तव्यबुद्धी ढिली पडली. तिनं साहेबांना फोन लावला, "सर, इथं नेटवर्क लई कमी आहे, उद्या सकाळी करते," असं चार पट्ट्या रेंज असताना सांगितलं, आणि मोटारसायकलवर मागं बसली.

शरणप्पांच्या रानात कडब्याची खोप उभी होती. आत चुना लावलेले पाच दगड पाच पांडव म्हणून मांडले होते. शरणप्पांची बायको उमादेवी पूजा आटोपून, रानात आंबील शिंपडून पाहुण्यांची वाट बघत होती. निकिता पोटभर जेवली. भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, खीर सगळं झालं, आणि मडक्यातली गार आंबील तिनं इतकी प्याली की उमादेवीनं कौतुकानं तिच्या पाठीवर थाप मारली. शरणप्पांनी मात्र घास चिवडत ठेवला.

ऊन कलल्यावर निकिता बांधाच्या कडेला बाभळीखाली आडवी झाली, तेव्हा उमादेवी नवऱ्यापाशी येऊन बसली.

"काय झालं? उंडा तसाच हाय."

शरणप्पांनी सगळं सांगितलं. बायकोपासून त्यांनी करकोच्यांचं कधी लपवलं नव्हतं. थंडीत पहाटे उठून त्यांना चहा तीच करून द्यायची.

"मग आता?"

"आता काय. एक तर नोकरीचं वाटोळं, न्हायतर पाखरांचं."

उमादेवीनं तसाच राहिलेला उंडा उचलून झाकून ठेवला. "एक इचारू? तुमी पाखरासाठी थांबिवता. मग पाखरासाठी थांबिवलं म्हणून का लिहित न्हाय?"

"लिहून काय हुतंय? हसतील."

"हसू द्यात की. देखभाल लिवलं तेव्हा कोण रडलं हुतं?" ती उठली आणि भांडी गोळा करायला लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते शरणप्पांना जास्त लागलं.

निकिता रात्री त्यांच्याच घरी राहिली. पहाटे दार उघडलं तर समोरचा कडुलिंब दिसेना. निकिता शाल गुंडाळून बाहेर आली आणि उभीच राहिली.

"बाप रे अप्पा. एवढं धुकं?"

शरणप्पांनी गाडीला किक मारली. रस्ता चाचपडत ते माळावर पोचले, तेव्हा सगळी पवनचक्क्यांची रांग धुक्यात बुडाली होती. खाली वारं पडलेलं असलं तरी वर ते असतंच. डोक्यावर कुठंतरी पाती फिरत होती. दिसत नव्हती, नुसता दम टाकल्यासारखा आवाज ठराविक वेळानं येत होता.

ऑफिसात शिरल्या शिरल्या निकितानं लॅपटॉप जोडला. काही शब्द टाइप केले, एका चौकटीत खूण केली, आणि म्हणाली, "झालं. पेटी चालू."

"एवढंच?"

"एवढंच. आता बघा हं." तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. काल पुसून पांढराफेक केलेल्या त्या मेलबॉक्सची पेटी भरायला लागली होती. एकाखाली एक, एकाखाली एक, ओळी उमटत होत्या. शरणप्पांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हे तर म्या काल पुसलंय!"

"पुसलेले मेल महिनाभर सर्व्हरच्या तळाशी पडून असतात अप्पा. पेटी सुरू झाली की ती तेही उचलते."

शरणप्पा बघत राहिले. वारा वाढल्याचे, तेल तापल्याचे, सगळे मेल परत येत होते. त्यांत मधूनमधून अकरा नंबर होती. या हिवाळ्यातली धुक्याची एकेक पहाट तिथं ओळीनं उभी होती. त्यांना त्या पहाटा ओळखू येत होत्या. ही ती, जेव्हा थवा फार उशिरा आला. ही ती, जेव्हा दोन पिल्लं मागं राहिली होती आणि आई परत फिरून त्यांना घेऊन गेली. आपल्या हातून गेलेलं आयुष्य असं परत समोर येऊन उभं राहू शकतं, हे पाहून त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटलं मात्र वेगळंच. नमस्कार करावासा वाटला. आणि प्रत्येक पहाटेपुढं त्यांच्याच नावानं लिहिलं होतं, देखभाल. ते वाचताना त्यांचे कान गरम झाले.

निकिताचं बोट पडद्यावर थांबलं. पोर हुशार होती.

"अप्पा, अकरा नंबरची देखभाल काय दर वेळी पहाटेच निघते?"

शरणप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तलावाकडून आवाज आला. आधी एक, लांबून, घोगरा. मग त्याला दुसरा. मग सगळा थवा बोलायला लागला.

वेळ उरली नव्हती. शरणप्पा साइटच्या कंप्युटरकडं वळले. अकरा नंबर निवडली. बंद. कंप्युटरनं कारण विचारलं. यादी उघडली, पहिल्या ओळीवर देखभाल. त्यांचं बोट सवयीनं तिथंच गेलं होतं. शेजारी निकिता उभी होती, तिच्या लॅपटॉपवर पेटी उघडी होती. शरणप्पांनी बोट तिथून उचललं, यादीच्या तळाशी गेले, 'इतर' निवडलं आणि एकेक अक्षर शोधत रिकाम्या चौकटीत लिहिलं, 'करकोचे जात आहेत.'

"चल बाहेर," ते म्हणाले. "पळ."

दोघं खिंडीकडं धावले. अकरा नंबरचं खोड धुक्यातून वर जात नाहीसं झालं होतं. वरचा आवाज मंदावला, लांबला आणि थांबला. पूर्वेकडं धुक्याला थोडी लाली चढली, आणि त्या लालीत तीन प्रचंड पाती अर्धीमुर्धी दिसायला लागली, एक खाली, दोन वर, हलायची बंद झालेली.

आणि मग ते आले.

पहिला पक्षी धुकं फाडून इतक्या जवळून निघाला की निकिता खाली वाकली. राखी अंग, काळी लांब मान पुढं ताणलेली, पाय मागं सरळ. त्याच्यामागं आणखी, आणखी. थवा थेट पात्यांमधूनच निघाला होता. खालच्या पात्याच्या अलीकडून, पलीकडून, वरच्या दोघांच्या बेचक्यातून, पंखाला पंख लागेल इतके दाटीनं. हवा त्यांच्या पंखांनी घुमत होती. ती छातीत जाणवत होती. आणि वर तो सगळ्यांचा मिळून आवाज, हाका मारणारा, सगळे आहेत ना म्हणून पुन्हापुन्हा विचारणारा. हे सारं कुठल्या बर्फाच्या मुलखातून आलं होतं. त्यांना अणदूर ठाऊक नव्हतं, कंपनी ठाऊक नव्हती. माणसानं केलेलं एवढं मोठं यंत्र त्यांच्या वाटेत गुमान हात आवरून उभं होतं आणि ती पाखरं त्याच्याकडं न बघता जात होती. शरणप्पांनी हे कितीतरी हिवाळे पाहिलं होतं. तरी त्यांचे हात आपोआप जुळले.

"शरणु," त्यांनी नमस्कार पुटपुटला.

थवा गेला. त्याचा आवाज रानांच्या दिशेनं विरत गेला. निकिताच्या तोंडावर अजून हात होता आणि डोळे भरलेले होते.

"मी इथलीच, अप्पा," ती शेवटी म्हणाली. "जन्म इथला. आणि हे मला माहीतच नव्हतं."

"कुणाला म्हाईत असतंय. धुक्यात कोण येतंय हितं."

ऑफिसात आल्यावर शरणप्पांनी अकरा नंबर चालू केली. मग पुण्याला मेल लिहायला बसले. 'साहेब, आजपर्यंत मी देखभाल म्हणून लिहिलं ते खोटं होतं,' एवढं पहिलं वाक्य लिहायला त्यांना फार वेळ लागला. पुढचं भराभर आलं: खिंड, तलाव, धुकं, दोन तुकडे झालेला तो पहिला करकोचा. परवानगी द्या किंवा न द्या, पण हिवाळ्यात धुक्याच्या पहाटे ही पवनचक्की थांबली पाहिजे. लिहिता लिहिता मन कधी नव्हे इतकं मोकळं झालं. नोकरी गेली तर उमादेवीला काय सांगायचं, हा प्रश्नच नव्हता. तिनंच सांगितलं होतं.

शेवटची ओळ लिहीत असताना तलावाकडून पुन्हा आवाज आला. मागं राहिलेला दुसरा थवा. शरणप्पा उठणार, तोवर निकिता साइटच्या कंप्युटरपाशी पोचलीसुद्धा होती.

"हेच ना बटण?"

"अगं, तू नगं! परवानगी न्हाय तुला. नाव इचारतंय ते!"

पण ती टाइप करत होती. कारण: करकोचे जात आहेत. बंद करणाऱ्याचं नाव: निकिता. खिंडीतला आवाज मंदावत थांबला. घंटी वाजली, मेल आला. तिच्या लॅपटॉपवर पेटीत शरणप्पांच्या नावाच्या वर एक ओळ उमटली.

शरणप्पांचा जीव कळवळला. लेकीच्या वयाची पोर, नोकरीला लागून किती दिवस झाले असतील तिला.

"काय केलंस हे अव्वा," लेकीला मायेनं म्हणावं तसं ते म्हणाले. "आता ते कुणाला पुसता यायचं न्हाय."

"ठाऊक आहे अप्पा," निकिता दाराकडं धावता धावता म्हणाली. "मीच बसवलंय. चला लवकर, जातील ते!"